इंग्रजी शब्दांचे अर्थ पाठ आहेत, तरी नेमका शब्द निवडता येत नाही. अभ्यास कसा बदलावा?

निफाडकर

सर्वांना नमस्कार. माझे शालेय शिक्षण निफाड तालुक्यात मराठी माध्यमातून झाले असून सध्या मी नाशिकमध्ये वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्यासोबत केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या सीडीएस म्हणजे सैन्यदलांतील अधिकारी निवडीच्या परीक्षेची तयारी करीत आहे. या परीक्षेत इंग्रजीचा पेपर १०० गुणांचा असतो. समानार्थी किंवा विरुद्धार्थी शब्द ओळखा, अशा स्वरूपाचे बरेच प्रश्न त्यात येतात आणि चुकलेल्या उत्तरामागे त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापले जात असल्यामुळे केवळ अंदाजाने उत्तर देऊन चालत नाही.

मी ज्या क्लासला जातो तेथे शब्दांच्या छापील याद्या मिळतात. डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे त्याचा मराठी अर्थ, अशी त्यांची मांडणी असते. या याद्या माझ्या पाठ आहेत. अडचण त्यापुढे सुरू होते. फ्रूगल, थ्रिफ्टी, पार्सिमोनियस, स्टिंजी आणि मायझर्ली या पाचही शब्दांसमोर ‘काटकसरी’ किंवा ‘कंजूष’ यांपैकी एक अर्थ दिलेला आहे, त्यामुळे यांतील दोन शब्द एकाच प्रश्नाच्या पर्यायांत आले की कोणता निवडावा हे ठरवता येत नाही. क्रेडिबल, क्रेड्युलस आणि इन्क्रेड्युलस यांचेही तेच होते. शिवाय लेखी परीक्षेनंतर एसएसबीची म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाची मुलाखत आणि गटचर्चा असते. तेथे शब्द ओळखून भागत नाही, तो बोलताना वेळेवर सुचावा लागतो.

मराठी अर्थ लिहिणे सोडून द्यावे आणि इंग्रजी अर्थच पाठ करावेत, असे एका मित्राचे मत आहे. दुसरा मित्र लॅटिन आणि ग्रीक धातू शिकण्याचा सल्ला देतो. ज्यांनी इंग्रजी शब्दांचा खोलवर अभ्यास केला आहे किंवा ते शिकवले आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गंगापूर रोडची वाचक

मी अनेक वर्षे माध्यमिक शाळेत मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवले आहे, त्यामुळे तुमची अडचण माझ्या चांगल्या परिचयाची आहे. मराठी अर्थ सोडू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. फक्त तो एका शब्दात उरकू नका. तुमच्या यादीत पाच शब्दांपुढे एकच अर्थ आला आहे तो यादी करणाऱ्याच्या घाईमुळे. मराठीत या छटा नाहीत असे मुळीच नाही.

आपण मराठीत काय करतो ते पाहा. घर नीट चालवणाऱ्या आजीला आपण काटकसरी म्हणतो तेव्हा त्यात कौतुक असते. लग्नाच्या पंगतीत हात आखडता घेणाऱ्या यजमानाला चिक्कू म्हणतो तेव्हा नाराजी असते, आणि जो स्वतःच्या औषधपाण्यालाही पैसा काढत नाही, त्याच्यासाठी आपल्याकडे ‘कवडीचुंबक’ असा ठेवणीतला शब्द आहे. हे तिन्ही शब्द पैसा कमी खर्च करण्याविषयीच आहेत, तरीही कोणताही मराठी माणूस आजीला कवडीचुंबक म्हणणार नाही. हाच विवेक इंग्रजी शब्दांना लावायचा आहे, आणि तो तुमच्याकडे आधीपासून आहे.

फ्रूगल हा शब्द माणसाला लागतो, राहणीला लागतो आणि जेवणालाही लागतो; फ्रूगल जेवण म्हणजे साधे, थोडक्यातले जेवण, आणि त्यात निंदा नाही. थ्रिफ्टी हाही कौतुकाचाच शब्द आहे, पण त्यात पैसा आणि वस्तू हिशेबाने वापरण्याचे कौशल्य अभिप्रेत असल्याने तो माणसाला किंवा घराला शोभतो, जेवणाला सहसा लावत नाहीत. स्टिंजी हा बोलण्यातला शब्द आहे आणि तो सरळ दोष दाखवतो. मायझर्लीचे मूळ लॅटिनमधील ‘मिझर’ म्हणजे दीन, दुःखी या शब्दात आहे. मिझरी आणि मिझरेबल हे त्याच घराण्यातले आहेत, आणि हे कळले की पैसा साठवून स्वतःही हालात राहणारा माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. पार्सिमोनियस हा लेखी, वजनदार शब्द आहे. माणसाविषयी वापरला तर तो निंदाच करतो, पण विज्ञानात कमीत कमी गृहीतकांवर उभ्या असलेल्या स्पष्टीकरणाला पार्सिमोनियस म्हणतात तेव्हा तीच काटकसर गुण ठरते.

म्हणून नवा शब्द भेटला की त्याचा अर्थ लिहिताना तो कौतुक करतो की दोष देतो, तो बोलण्यात चालतो की लेखनातच शोभतो, आणि कोणत्या नामांच्या शेजारी तो बसतो, एवढे पाहिल्याशिवाय वही मिटू नका. यांतील तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि याद्यांमध्ये नेमका तोच नसतो.

इंग्रजी अर्थ वाचण्याबाबत तुमच्या मित्राचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, कारण त्यासाठी कोश कोणता वापरता हे महत्त्वाचे आहे. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्यासाठी केलेले कोश एका अवघड शब्दाचा अर्थ दुसऱ्या अवघड शब्दाने सांगतात. शिकणाऱ्यांसाठी केलेले कोश वेगळे असतात. ए. एस. हॉर्नबी हे जपानमध्ये इंग्रजी शिकवीत होते आणि तेथील विद्यार्थ्यांच्या गरजेतून त्यांनी केलेला कोश १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला. पुढे १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो प्रसिद्ध केला. या परंपरेतील कोश शब्दाची वाक्यातील जागा दाखवतात. १९७८ मध्ये आलेल्या लाँगमनच्या कोशात तर सर्व अर्थ सुमारे २,००० सोप्या शब्दांच्या मर्यादेत दिले होते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला असा कोश पहिल्या दिवसापासून वाचता येतो. असे कोश आता इंटरनेटवर मोफतही पाहता येतात.

पंचवटीकर

वाचकताईंशी मी सहमत आहे, परंतु धातूंचा मुद्दा बाजूला पडू नये म्हणून लिहितो. मी संस्कृतचा अभ्यासक आहे आणि मराठी विद्यार्थ्याच्या हातात असलेले एक साधन त्याला कोणी दाखवून देत नाही, याची मला खंत वाटते.

शाळेत आपण उपसर्ग आणि प्रत्यय शिकतो. प्रहार, आहार, विहार, संहार हे शब्द एकाच ‘हृ’ धातूपासून कसे निघतात, हे दहावीच्या मुलालाही सांगता येते. इंग्रजीतील बहुतांश उच्चभ्रू शब्द लॅटिन आणि ग्रीकमधून आले असून त्यांची बांधणी अगदी अशीच आहे, आणि त्याला कारण आहे. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे बोलताना सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, असे प्रतिपादन केले होते. पुढच्या शतकातील भाषाशास्त्राने ते नियमांनिशी सिद्ध केले.

नकाराचा उपसर्ग घ्या. संस्कृतात व्यंजनापूर्वी ‘अ’ येतो आणि स्वरापूर्वी ‘अन्’ येतो: अशक्य, पण अनादर. ग्रीकमध्ये नियम हाच आहे, म्हणून आकारहीन या अर्थी अमॉर्फस, पण शासनहीनता या अर्थी अनार्की. आता अनामिक आणि अनॉनिमस हे शब्द शेजारी ठेवा. संस्कृतातले ‘नाम’ व्यंजनाने सुरू होते म्हणून ‘अ’ लागला. ग्रीकमधील ‘ओनोमा’ स्वराने सुरू होतो म्हणून ‘अन्’ लागला. अर्थ एक, घटक एक, नियमही एक. याच रीतीने अज्ञ आणि अ‍ॅग्नॉस्टिक, मृत आणि मॉर्टल, युवा आणि जुव्हेनाइल, अग्नी आणि इग्नाइट, नव आणि नॉव्हिस, उपरि आणि हायपर, दुस् आणि डिसेंट्रीमधील ‘डिस’ ही सगळी नात्यातली माणसे आहेत.

तुम्ही विचारलेले तीन शब्द तर याचे सुंदर उदाहरण आहेत. श्रद्धा हा शब्द ‘श्रत्’ आणि ‘धा’ यांपासून झाला आहे, आणि ‘मी विश्वास ठेवतो’ या अर्थाचा लॅटिनमधील ‘क्रेडो’ त्याच मुळाचा आहे. क्रेडिबलमधील शेवटचा प्रत्यय आपल्या ‘-नीय’ किंवा ‘-जोगा’ यासारखा आहे, म्हणून क्रेडिबल म्हणजे विश्वासार्ह: बातमी, साक्षीदार, पुरावा. क्रेड्युलसमधील प्रत्यय स्वभाव सांगतो, झोपाळू किंवा मायाळूमधील ‘-आळू’ सांगतो तसा; म्हणून क्रेड्युलस म्हणजे कोणावरही चटकन विश्वास टाकणारा, आणि तो माणूसच असणार, बातमी असू शकत नाही. गॅर्युलस म्हणजे बडबड्या आणि क्वेरुलस म्हणजे सतत कुरकुर करणारा, हेही याच साच्यातले. इन्क्रेड्युलस म्हणजे ज्याचा विश्वास बसत नाही असा माणूस किंवा त्याची नजर. न पटण्याजोग्या गोष्टीसाठी इन्क्रेडिबल आहे.

धातू शिकण्यासाठी वेगळ्या याद्या पाठ करू नका, आपल्या परिचयाच्या शब्दांपासून सुरुवात करा. सिंहस्थाच्या बातम्या इंग्रजी वर्तमानपत्रांत येतात तेव्हा काँग्रिगेशन हा शब्द हमखास असतो. घंटागाडीसाठी ओला आणि सुका कचरा वेगळा करतात त्याला सेग्रिगेशन म्हणतात, आणि गुणपत्रिकेवरचे अ‍ॅग्रिगेट तर सर्वांना ठाऊक आहे. लॅटिनमध्ये ‘ग्रेक्स’ म्हणजे कळप. एकत्र जमणारा कळप, वेगळा काढलेला कळप आणि कळपात मिळवलेली बेरीज, हे एकदा दिसले की ग्रिगेरियस म्हणजे माणसांत रमणारा, हे पाठ करावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट सुचवतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला आणि १८५७ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल कोशसंग्रहात तो सर्वांसाठी खुला आहे. मराठी शब्दाच्या छटा तो इतक्या बारकाईने उलगडतो की मराठीतून इंग्रजीकडे जाणाऱ्याला त्याच्यासारखा सोबती नाही. अर्थात त्यातील इंग्रजी एकोणिसाव्या शतकातले आहे, म्हणून तेथे सापडलेला शब्द आजच्या कोशात तपासल्याशिवाय वापरू नये.

देवळालीचा रहिवासी

पंचवटीकरांचा प्रतिसाद मी जपून ठेवला आहे, तरीही परीक्षेच्या दृष्टीने एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. धातू शब्द लक्षात ठेवायला मदत करतात, परंतु अनोळखी शब्दाचा अर्थ केवळ धातूवरून ठरवला तर नुकसान होऊ शकते.

त्यांच्याच ‘ग्रेक्स’चे उदाहरण घेऊ. इग्रीजस म्हणजे शब्दशः कळपातून बाहेर उठून दिसणारा. सोळाव्या शतकात तो थोर, नामांकित या अर्थाने वापरला जाई. आज मात्र इग्रीजस एरर म्हणजे ढळढळीत, अक्षम्य चूक. धातूवरून उत्तर देणारा विद्यार्थी येथे नेमका उलटा पर्याय निवडेल. मनमाडजवळच्या पानेवाडीतून इंधन घेऊन येणाऱ्या टँकरवर तुम्ही हायली इन्फ्लेमेबल असे लिहिलेले पाहिले असेल. येथील ‘इन’ नकाराचा नाही, तो ‘आत’ या अर्थाचा आहे, म्हणून शब्दाचा अर्थ चटकन पेट घेणारे असा होतो. त्याला नकार समजण्याचा धोका इतका खरा होता की सुरक्षाफलकांवर आता फ्लेमेबल हा शब्द पसंत केला जातो.

देवनागरीत एकसारखे दिसणारे उपसर्ग हा खास आपला सापळा आहे. संस्कृत ‘दुस्’चा भाऊ असलेला ग्रीक ‘डिस’ इंग्रजीत वाय हे अक्षर घालून लिहितात: डिस्फंक्शन, डिस्टोपिया. डिसअ‍ॅग्री किंवा डिसमिसमधील ‘डिस’ आय घालून लिहितात; तो लॅटिनमधील वेगळा उपसर्ग असून त्याचा मूळ अर्थ ‘अलग, दूर’ असा आहे. स्पेलिंग न पाहता दोन्ही एकत्र शिकले तर गोंधळ होणारच. ‘-आळू’च्या साच्याबाबतही तसेच आहे, क्रेड्युलसला तो चपखल बसतो, पण चमत्कारासारखा या अर्थाच्या मिरॅक्युलसला मुळीच बसत नाही.

आता शब्द कोणते शिकावेत याविषयी. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ म्हटले की विद्यार्थी अगदी दुर्मीळ शब्दांच्या मागे लागतात, आणि लेखनात रोज येणारे मधल्या पातळीचे शब्द कच्चे राहतात. न्यूझीलंडमधील एव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली विद्यापीठीय लेखनात वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुलांची (एक मूळ शब्द आणि त्याची रूपे मिळून एक कुल) यादी प्रसिद्ध केली. त्यात डिराइव्ह, सब्सिक्वंट, इन्हिबिट, आर्बिट्ररी यांसारखे शब्द आहेत. हे शब्द अग्रलेखात पदोपदी भेटतात. तेथील पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, मजकुरातील ९८ टक्के शब्द ओळखीचे असावेत अशी अपेक्षा धरली तर वर्तमानपत्र किंवा कादंबरी कोणाच्या मदतीविना वाचण्यासाठी सुमारे ८,००० ते ९,००० शब्दकुले लागतात. एवढे शब्द यादीतून येत नाहीत, त्यासाठी वाचनच करावे लागते. टिळक पथावरचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून नाशिककरांसाठी उभे आहे. रोज एक अग्रलेख नीट वाचणे आणि त्यातील मोजकेच शब्द उचलणे, हे मी कोणत्याही यादीपेक्षा वर ठेवीन.

उजळणीचे वेळापत्रकही हवे. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिले की पाठ केलेले सुरुवातीला फार झपाट्याने विसरले जाते आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून पहिली उजळणी लवकर आणि पुढच्या उजळण्या वाढत्या अंतराने कराव्यात. जर्मन लेखक सेबास्टियान लाइटनर यांची कप्प्यांची पद्धत यासाठी उत्तम आहे: जमलेले कार्ड पुढच्या कप्प्यात जाते आणि उशिरा पुन्हा समोर येते, न जमलेले पहिल्या कप्प्यात परत येते. मोबाईलवर अंकी हे अ‍ॅप हेच काम करते.

निफाडकर

आपण तिघांनीही एवढा वेळ दिलात याबद्दल मनापासून आभारी आहे. आजपासून यादीऐवजी कार्डे करायची असे ठरवले आहे. त्याबाबत दोन शंका आहेत. कार्डावर नेमके काय लिहावे? आणि उच्चार देवनागरीत लिहिला तर चालेल का? क्लासमध्ये काही जण म्हणतात की त्यामुळे उच्चार कायमचे बिघडतात.

गंगापूर रोडची वाचक

एक कार्ड प्रत्यक्षच करून दाखवते. शब्द घेऊ रेटिसंट. तुमचे निफाड म्हणजे लासलगावचा तालुका, तेव्हा वाक्य तिथलेच असू द्या: बाजार समितीत कांद्याला काय भाव मिळाला, हे सांगताना एक शेतकरी हातचे राखून बोलत होता. हे वाक्य इंग्रजीत स्वतः रचा, रेटिसंटच्या जागी रिकामी रेघ ओढा आणि ते कार्डाच्या पुढच्या बाजूला लिहा. पहिले अक्षर दिले तरी चालेल. मागच्या बाजूला शब्द, त्याच्यामागून येणारे अबाउट हे शब्दयोगी, आणि मराठीत ‘एखाद्या विषयावर हातचे राखून बोलणारा’ असा पूर्ण वाक्यांश लिहा. नुसते ‘अबोल’ लिहू नका, कारण अबोल स्वभावासाठी टॅसिटर्न हा शब्द आहे. दोन्ही शब्द गप्प राहणे या अर्थाच्या एकाच लॅटिन धातूचे आहेत, आणि टॅसिट हा तिसरा. टॅसिट कन्सेंट म्हणजे आपली मूकसंमती. ही तीन भावंडे तीन वेगळ्या कार्डांवर ठेवा आणि एकाच दिवशी करू नका. जवळच्या अर्थाचे नवे शब्द एकत्र शिकले की ते एकमेकांत मिसळतात; पहिला पक्का झाल्यावर दुसरा घ्यावा.

पुढच्या बाजूला वाक्य आणि मागे शब्द, हा क्रम मुद्दाम सांगितला. शब्द पाहून अर्थ आठवणे हे ओळखण्याचे काम आहे आणि लेखी परीक्षेला तेवढे पुरते. मुलाखतीत प्रसंग समोर असतो आणि शब्द शोधायचा असतो, म्हणून सरावही त्याच दिशेने झाला पाहिजे. मात्र मुलाखतीत पार्सिमोनियससारखा शब्द ओढूनताणून आणू नका. वडील जपून खर्च करतात हे सांगायला ‘केअरफुल विथ मनी’ इतके पुरेसे आहे आणि ते अधिक नैसर्गिक वाटते.

देवनागरीत उच्चार लिहायला माझी हरकत नाही, कारण इंग्रजी स्पेलिंगपेक्षा ती लिपी उच्चाराला अधिक जवळ आहे. फक्त दोन गोष्टी तिच्यात आपोआप उतरत नाहीत. व्ही आणि डब्ल्यू या अक्षरांसाठी व्हेस्ट आणि वेस्ट असा फरक कटाक्षाने लिहावा लागतो. दुसरी गोष्ट आघाताची, म्हणजे उच्चारताना शब्दाच्या कोणत्या भागावर जोर पडतो त्याची. मराठीत आघात बदलला म्हणून शब्द बदलत नाही, त्यामुळे आपले तिकडे लक्षच जात नाही. इंग्रजीत मात्र फोटोग्राफमध्ये आघात पहिल्या अवयवावर असतो, फोटोग्राफरमध्ये दुसऱ्यावर आणि फोटोग्राफिकमध्ये तिसऱ्यावर. आघात नसलेले स्वर तेव्हा जवळजवळ गिळले जातात. कोशाच्या अ‍ॅपमध्ये उच्चार ऐका, जोर पडलेल्या अक्षराखाली लाल रेघ ओढा आणि कार्ड उलटताना शब्द प्रत्येक वेळी मोठ्याने म्हणा.